हाडाचे सहा महिने, कायद्याचे सहा महिने

रात्रीचे साडेनऊ. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात स्ट्रेचरवर अडतीस वर्षांचा एक गवंडी कण्हत पडलेला. कामावरून मोटारसायकलने घरी येत असताना मागून टेम्पोची धडक बसली होती. डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. केसपेपर लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारले, "कसं लागलं?" जखमीने तोंड उघडण्याआधीच मेहुण्याने उत्तर दिले, "गाडी घसरून पडले, साहेब."

टेम्पोवाला शेजारच्या गावचा. तो पळून गेला नव्हता. त्यानेच जखमीला उचलून रुग्णालयात आणले होते आणि खर्चाला म्हणून दहा हजार रुपये मेहुण्याच्या हातावर ठेवले होते. 'पोलिसांचं लचांड कशाला, आपसांत मिटवून टाकू,' असे बाहेर रिक्षा थांबते तिथेच ठरले होते.

हा कोणी एकच माणूस नव्हे. जिल्ह्याच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात काम केलेल्या डॉक्टरांना हा गवंडी, हा मेहुणा आणि हा टेम्पोवाला ओळखीचे वाटतील. कधी गवंड्याच्या जागी भाजी विकणारी बाई असते, कधी कॉलेजचा मुलगा. अपघातानंतर कायद्याची वाट धरायची की नाही, हा निर्णय अशा कुटुंबांना घ्यावाच लागतो. मात्र बहुतेकदा तो घेतला जातो चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाकडून आणि अपुऱ्या माहितीवर.

पहिली नोंद

वाहन अपघातातला जखमी आला की डॉक्टर आधी उपचार करतात. पोलीस येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तसे स्पष्ट केले आहे आणि मोटार वाहन कायदाही तेच सांगतो. उपचारांबरोबर 'एमएलसी' म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद केली जाते आणि पोलिसांना कळवले जाते. त्यासाठी नातेवाइकांची परवानगी लागत नाही.

या नोंदीत जखमांच्या वर्णनाबरोबर एक साधी ओळ असते. अपघात कसा झाला आणि हे कोणी सांगितले, एवढेच तीत असते. गवंड्याच्या कागदावर 'मोटारसायकल घसरून पडला, माहिती मेहुण्याने दिली' असे आले. एमएलसी झाली, पण तीत टेम्पो नव्हता. पुढे चार महिन्यांनी कुटुंबाने दावा करायचे ठरवले, तर विमा कंपनीचे वकील सगळ्यात आधी हाच कागद पुढे करणार. 'टेम्पो नंतर आणून उभा केला,' हा त्यांचा युक्तिवाद. अपघातानंतर तासाभरात केलेली नोंद खोटी का असेल, या प्रश्नाला मग उत्तर शोधत बसावे लागते.

डॉक्टरांना नंतर जुनी नोंद खोडता येत नाही. पण जखमी शुद्धीवर असेल, बोलू शकत असेल, तर त्याने स्वतः सांगितलेली हकिकत तारीख-वेळेसह पुढे लिहिता येते. पोलिसांनाही त्याचा जबाब घेता येतो. हे जितके लवकर होईल तितके बरे. म्हणून पहिल्या रात्री घरच्यांनी करायचे काम एकच, जे घडले ते जसेच्या तसे सांगणे. वाहनाचा क्रमांक माहीत असेल तर तोही. यात दावा करण्याचे बंधन कुठेच येत नाही. दावा करायचा की नाही ते पुढे ठरवता येते. पहिली रात्र मात्र परत येत नाही.

नोंद होण्याचा आणखी एक फायदा आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू आहे. तीत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेतल्या रुग्णालयात उपचार मिळू शकतात. 'घसरून पडला'च्या आड लपलेला टेम्पो इथेही गैरसमज वाढवू शकतो.

पैसे कोण देणार?

लोक दावा टाळतात त्याचे मोठे कारण भिडेचे असते. टेम्पोवाला माणूस चांगला, त्याने उचलून आणले, त्याच्याही घरी लहान मुले. अशा माणसाला कोर्टात खेचायचे कसे?

ही भीड समजण्याजोगी आहे, पण तिच्यामागे एक गैरसमज आहे. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे. त्यासाठीच टेम्पोमालक दरवर्षी हप्ता भरतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मालक आणि चालक प्रतिवादी असतात, पण विमा चालू असेल तर भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. पोलिसांचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही लागत नाही; घटना तशी घडल्याची शक्यता अधिक आहे, एवढे दिसले तरी चालते.

विमा नसेल, तर मात्र भरपाईचा बोजा मालकावर पडतो आणि निकाल लागूनही वसुली कठीण जाते. म्हणून वाहनाचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हा निर्णय घेण्यापूर्वीचा पहिला व्यावहारिक प्रश्न असतो. पोलिसांच्या अपघात अहवालात ही माहिती येते.

वाहन धडक देऊन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी हात हलवत परतायचे कारण नाही. २०२२ च्या योजनेनुसार अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो.

हाड जुळते, गुडघा वाकत नाही

गवंड्याच्या एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाचा वरचा भाग, गुडघ्याच्या सांध्यात उतरणारा, तडकलेला दिसतो. शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवतात. पुढचे काही आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. मग वॉकर, मग काठी, मग व्यायाम. सगळे सुरळीत झाले तर तीन ते सहा महिन्यांत हाड जुळते. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, "हाड छान जुळलं."

पण गवंड्याचा प्रश्न वेगळाच असतो. त्याला उकिडवे बसता येत नाही. परांचीवर चढताना गुडघा दगा देतो. सिमेंटची पाटी घेऊन जिना चढला की संध्याकाळी सूज येते. सांध्याचा पृष्ठभाग एकदा तडकला की तो पूर्वीसारखा गुळगुळीत होईलच असे नाही. काही रुग्णांच्या अशा सांध्याची काही वर्षांनी झीज होते, वेदना वाढतात, कधी सांधाच बदलावा लागतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाड जुळायला उशीर लागला, तर आणखी शस्त्रक्रिया.

डोक्याला मार लागलेल्यांचे दुखणे तर एक्स-रेत दिसतही नाही. सीटी स्कॅन साफ असतो, माणूस दोन दिवसांत घरी जातो आणि मग घरच्यांना बदल जाणवू लागतो. डोके दुखते, चक्कर येते, चिडचिड होते, हिशेब चुकतो, झोप लागत नाही. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. काही जण त्या रस्त्यावरून जायलाच घाबरतात, हॉर्न वाजला की दचकतात. हा भित्रेपणा नाही. महिनाभरानंतरही हे टिकले तर तो उपचार लागणारा आघातोत्तर मानसिक विकार असू शकतो. त्याचीही डॉक्टरांकडे नोंद हवी. न सांगितलेले दुखणे कागदावर येत नाही.

मुद्दा असा, की इजेचा पहिला अंदाज आणि इजेचा अखेरचा परिणाम यांत फार अंतर असते. तिसऱ्या दिवशी, वेदनाशामकाच्या गुंगीत, दोन रात्रींच्या जागरणानंतर, 'चाळीस हजारांत मिटवू' या बोलीला होकार देणाऱ्याला आपण काय विकतो आहोत हेच ठाऊक नसते.

टक्केवारी कशाची?

भरपाई ठरवताना न्यायाधिकरण केवळ हाड किती मोडले हे पाहत नाही. त्या इजेने माणसाची कमाई किती बुडाली, हे पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हा फरक सविस्तर सांगितला. तिथले उदाहरण सोपे आहे. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याच्या कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के. सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर त्याची नोकरी टिकेल आणि नुकसान त्याहून खूप कमी ठरेल. एका पायाचे चाळीस टक्के अपंगत्व म्हणजे साऱ्या शरीराचे चाळीस टक्के नव्हे, हेही त्या निकालात स्पष्ट आहे.

गवंड्याचे गणित करून पाहू. महिन्याची कमाई पंधरा हजार मानली, तर वर्षाचे १,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीसाठी चाळीस टक्के धरण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घालून दिले, म्हणजे २,५२,०००. वयाच्या ३६ ते ४० या गटासाठी २००९ च्या निकालानुसार गुणक १५. गुणाकार आला ३७,८०,०००. गुडघ्यामुळे कमावण्याची ताकद वीस टक्के घटली असे ठरले तर ७,५६,००० रुपये. त्याला परांचीवरचे काम सुटले म्हणून चाळीस टक्के धरले तर १५,१२,००० रुपये. औषधोपचार, बुडालेले रोज, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया आणि सोसलेल्या वेदना यांची रक्कम वेगळी.

हे आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. प्रत्यक्षात पुराव्याप्रमाणे ते वर-खाली होतात. जखमीची स्वतःची चूक असेल तर तेवढी कपात होते. पण मेहुण्याच्या हातावरचे दहा हजार आणि हे गणित शेजारी ठेवून पाहावे.

इथेच डॉक्टरांची भूमिका महत्त्वाची ठरते. पैसे देऊन कुठून तरी आणलेल्या तयार दाखल्यावर न्यायालये विश्वास ठेवायला कचरतात. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांची किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाची तपासणी आणि साक्ष वजनदार असते. रुग्णाने त्यांना नुसते 'दुखतं' असे न सांगता काय करता येत नाही ते सांगावे. किती वेळ उभे राहता येते, किती पायऱ्या चढता येतात, उकिडवे बसता येते का, ओझे उचलता येते का. त्याचा धंदा काय, हेही केसपेपरवर असावे. 'गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो' या वाक्याचा गवंड्यासाठी अर्थ एक आणि कारकुनासाठी दुसरा.

घाईची सही

२०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये अशी ठरीव भरपाईही कायद्यात आहे. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे.

काहींसाठी हा मार्ग उत्तम. हाड जुळले, माणूस कामावर परतला, चूक कोणाची याचा पुरावा कच्चा आहे, तर अडीच लाख लवकर मिळणे वर्षानुवर्षांच्या वाटेपेक्षा बरे. पण ही ठरीव रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. लोकअदालतीतली तडजोडही अखेरची असते. तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. 'अजून किती सुधारणा होईल?' आणि 'पुढे आणखी शस्त्रक्रिया लागू शकते का?'

वॉर्डात 'सगळं मी बघतो, मिळेल त्यातले इतके टक्के द्या,' असे सांगत फिरणारे मध्यस्थही भेटतात. वकिलांनी भरपाईच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

सहा महिने

घाई नको, म्हणून थांबून राहणेही परवडत नाही. भरपाईच्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये.

अडचण अशी, की हाड जुळायलाही साधारण तेवढाच काळ लागतो आणि कायमचे अपंगत्व किती हे उपचार संपल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. 'आधी पूर्ण बरा होतो, मग दाखला काढतो, मग वकील गाठतो,' असे म्हणणाऱ्याची मुदत निघून जाते. प्रत्यक्षात अर्ज करताना अंतिम दाखला हाती असण्याची गरज नसते. अर्ज मुदतीत करावा. दाखला आणि डॉक्टरांची साक्ष पुराव्याच्या वेळी देता येते. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणीच करावा असेही नाही. जखमी राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.

तोवर कागद सांभाळायचे. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या तारखा, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत. मेडिकलच्या दुकानातल्या चकचकीत कागदावरच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात. रुग्णालयाकडे लेखी मागणी केल्यास नोंदींची प्रत ७२ तासांत द्यावी, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. गवंड्याकडे पगाराची पावती नसते. ठेकेदाराचे पत्र, हजेरीची वही, बँकेतल्या जमा रकमा याच त्याच्या पावत्या.

दावा करू नये, असेही असते

खरचटले, टाके पडले, पंधरा दिवसांत माणूस कामाला लागला, तर दाव्यातली दगदग भरपाईपेक्षा जड होऊ शकते. दुसऱ्या कोणाचाच संबंध नसताना गाडी खरोखरच घसरली असेल, तर टेम्पो शोधत बसणे हा खोटेपणा आहे आणि तो उघडा पडतो. अशा वेळी स्वतःच्या विमा पॉलिसीतले मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहावे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास त्यात पंधरा लाखांपर्यंत तरतूद असते. कामावर असताना वाहन अपघात झाला, तर कामगार भरपाईचा मार्गही खुला असतो. मात्र दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

दाव्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर वैद्यकशास्त्रात जुना वाद आहे. न्यूकॅसलचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी १९६१ मध्ये मांडले, की भरपाई मागणाऱ्या अनेकांची लक्षणे निकाल लागताच पळतात. या मताने पुढे किती तरी रुग्णांवर ढोंगाचा शिक्का बसला. ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज मेंडेल्सन आणि इतरांनी नंतर निकालानंतरच्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा अनेकांचे दुखणे पैसे मिळूनही कायम असल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियातल्याच २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाव्याची प्रक्रिया ज्यांना फार तापदायक वाटली त्यांच्यात सहा वर्षांनंतर चिंता, नैराश्य आणि अपंगत्व जास्त आढळले. जखमींना जाचलेल्या गोष्टींत रक्कम होतीच, पण नेमके काय करायचे हे न कळणे, उशीर आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या वैद्यकीय तपासण्या याही होत्या.

यातून दावा करू नये असा निष्कर्ष निघत नाही. वाट आधी कळली तर ती चालणे सोपे जाते, एवढे मात्र निघते. तारखांना जाणारा एक माणूस घरात ठरवावा, कागदांची एक पिशवी करावी आणि जखमीने आपले लक्ष व्यायामावर ठेवावे. 'दावा चालू आहे, म्हणून गुडघा बरा दिसायला नको,' असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकून व्यायाम सोडलेला गुडघा आखडतो आणि कोणत्याही निकालाने पुन्हा वाकत नाही.

तेव्हा गवंड्याच्या घरच्यांनी काय करावे? दुसऱ्या दिवशी सकाळी, तो नीट बोलू लागला की, डॉक्टरांना आणि पोलिसांना खरी हकिकत त्याच्याच तोंडून सांगू द्यावी. टेम्पोवाल्याचे दहा हजार घेतले असतील तर तेही लपवू नये. 'तक्रार नाही' अशा कागदावर मात्र सही करू नये. महिन्या-दोन महिन्यांत वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला कागद दाखवावेत. आणि दावा करायचा की नाही, हे त्या गवंड्याने स्वतः ठरवावे. परांचीवर त्यालाच चढायचे आहे, मेहुण्याला नाही.